कुमारांचे माहितीपर वाचन आणि शालेय विषय

माध्यमिक शाळांच्या व्यवहारात 'अवांतर वाचन' हा शब्दप्रयोग फार दिवसांपासून रूढ आहे. अभ्यास आटोपला, गृहपाठ झाला, परीक्षा अद्याप दूर आहे, अशा वेळी जे वाचावयाचे ते अवांतर. त्या वाचनाचे स्थान शब्दातच ठरून गेलेले आहे. पाठ्यपुस्तक हे मुख्य आणि बाकीचे सारे बाजूचे. गोष्टी व कादंबऱ्या यांचे या समजुतीने फारसे बिघडत नाही, कारण गोडी लागली की मुले त्या कोठूनही मिळवितात. नदी, खडक, कीटक, पाऊस, नाणी, किल्ले, यंत्रे, ग्रहतारे अशा विषयांवर कुमारांसाठी लिहिलेल्या माहितीपर पुस्तकांचे मात्र तीमुळे बरेच नुकसान झाले आहे. ही पुस्तके शाळेच्या यादीत असतात, खरेदीही होतात, नोंदवहीत त्यांना क्रमांक मिळतो, आणि पुष्कळदा त्यांचा प्रवास तेथेच थांबतो. नववी-दहावीच्या विद्यार्थ्याने ती हाती घेतली, तर 'आधी अभ्यास कर' असे त्याला सांगण्यात येते. वास्तविक तो त्या क्षणी अभ्यासच करीत असतो.

माहितीपर पुस्तक कशाला म्हणावयाचे, हे प्रथम स्पष्ट केलेले बरे. प्रश्नोत्तरांचे मार्गदर्शक, अपेक्षित प्रश्नसंच किंवा 'जगातील सर्वांत उंच, सर्वांत लांब, सर्वांत मोठे' अशा याद्यांची सामान्यज्ञानाची चोपडी या वर्गात येत नाही. तिच्यात तथ्ये असतात, पण एका तथ्याचा दुसऱ्याशी संबंध नसतो. एखादी वस्तू, घटना किंवा प्रक्रिया घेऊन ती कशी घडते, का घडते आणि हे माणसाला कसे कळले, एवढे जे पुस्तक सांगते ते खरे माहितीपर पुस्तक. त्यातही 'हे कसे कळले' हा भाग असेल तर ते पुस्तक निश्चितच वरच्या दर्जाचे समजावे. खरेदी समितीपुढे शंभर पुस्तकांचा ढीग आला असता, निवडीची एवढी एक कसोटीही पुष्कळ उपयोगी पडते.

एक सरोवर आणि सहा तासिका

शाळेत विषयांच्या तासिका वेगळ्या असतात. भूगोलाचा तास संपला की घंटा होते आणि विज्ञानाचा सुरू होतो. शिकविण्याच्या सोयीसाठी ही वाटणी आवश्यक आहे; परंतु प्रत्यक्ष जग असे तासिकांत विभागलेले नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर हे याचे आपल्या राज्यातीलच उदाहरण. समजा, नववीतील एखाद्या विद्यार्थिनीच्या हाती लोणारवरचे एक चांगले पुस्तक पडले, तर त्या एका पुस्तकातून ती कोठकोठे जाऊन येईल, हे पाहण्यासारखे आहे.

लोणारचे विवर जवळजवळ वर्तुळाकार असून त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि काठापासूनची खोली सुमारे दीडशे मीटर आहे. ते दख्खनच्या काळ्या कातळात, म्हणजे बेसाल्टमध्ये, कोरले गेले आहे. हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तयार झाला. येथपर्यंत भूगोल झाला. मग हा खड्डा पडला कसा? स्थानिक कथा लवणासुराची आहे. विष्णूने त्या दैत्याचा वध केला आणि त्याच्या विळख्यातून भूमी मुक्त केली, असे ती सांगते. गावातील शिल्पसमृद्ध दैत्यसूदन मंदिर या कथेचीच आठवण देते. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली आणि एकोणिसाव्या शतकातील बहुतेक लेखन त्याला ज्वालामुखीचे मुख समजत राहिले. समजूत अगदीच निराधार नव्हती. चहूकडे लाव्हारसाचा खडक असता विवर ज्वालामुखीचे असावे, असे वाटणे स्वाभाविकच होते. पुढे विवराच्या तळाशी छिद्रे घेऊन खडकाचे नमुने काढण्यात आले. प्रचंड आघाताखेरीज निर्माण होऊ शकत नाहीत अशा खुणा व काचेसारखे झालेले खनिज त्यांत आढळले. १९७३ साली याविषयीचे संशोधन प्रसिद्ध झाले आणि लोणार हे अशनीच्या आघाताने बनलेले विवर असल्याचे मान्य झाले. एकाच खड्ड्याची ही तीन स्पष्टीकरणे वाचणाऱ्या मुलीला इतिहासातील 'साधन' आणि विज्ञानातील 'पुरावा' हे दोन शब्द एकाच वेळी समजतात. पाठ्यपुस्तकात ते दोन निरनिराळ्या पानांवर, निरनिराळ्या विषयांत असतात.

सरोवराचे पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे. त्याचा सामू १० च्या आसपास असल्याच्या नोंदी आहेत. शुद्ध पाण्याचा सामू ७ हे विद्यार्थिनीला वर्गात शिकविलेले असते. ७ आणि १० यांत फरक तीनचाच, असे तिला प्रथमदर्शनी वाटेल. पण सामूच्या मापनात दर अंकामागे दहापट फरक पडतो. म्हणून हे अंतर तीनपट नसून हजारपट आहे. रसायनशास्त्राच्या या एका अंकात गणितातील घातांक दडलेला असतो, आणि घातांकांचा उपयोग तरी काय, हा वर्गात नेहमी उठणारा प्रश्न येथे परस्पर सुटतो. व्यासावरून परीघ काढावयाचा, तर तो सुमारे साडेपाच किलोमीटरांहून थोडा अधिक येतो. ताशी चार किलोमीटर चालणाऱ्या माणसाला काठाकाठाने एक फेरी मारण्यास जवळजवळ दीड तास लागेल, हेही तिला कागदावर काढता येते.

पाण्याच्या या गुणधर्मामुळे येथील क्षारांना पूर्वी व्यापारी महत्त्व होते. दल्ला, पापडी, भुसकी अशी त्यांची स्थानिक नावे आहेत. सोळाव्या शतकातील 'आईन-ए-अकबरी' या ग्रंथात काच आणि साबण तयार करण्यास लागणारे पदार्थ येथे मिळत असल्याचा उल्लेख येतो. म्हणजे रसायनशास्त्राचा धागा अर्थशास्त्रात आणि मोगलकालीन इतिहासात जाऊन पोहोचतो. पुन्हा जीवशास्त्राकडे यावयाचे, तर जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले आणि देशभर त्याची चर्चा झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाणी कमी होऊन क्षारता वाढल्यामुळे हॅलोआर्किया या मीठप्रिय सूक्ष्मजीवांची वाढ झाली आणि त्यांच्यातील रंगद्रव्यामुळे हा रंग आला, असे त्यातून निष्पन्न झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर यादीत झाला. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील 'आंतरराष्ट्रीय करार' हा कोरडा वाटणारा शब्दही अशा रीतीने आपल्याच एका तालुक्याशी जोडला जातो.

एकाच पुस्तकातून सहा विषयांची उजळणी होते हा लाभ आहेच. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्या विद्यार्थिनीने पुढील वर्षी आम्ल-आम्लारी, खडकांचे प्रकार किंवा मध्ययुगीन स्थापत्य यांपैकी कोणताही पाठ उघडला, तरी तिच्या मनात त्या पाठाला बसावयास जागा तयार असते.

वाचता येणे आणि समजणे

ही 'जागा' म्हणजे नेमके काय, याचा शोध शिक्षणशास्त्रज्ञांनी घेतला आहे. १९८८ साली अमेरिकेत रेख्ट आणि लेस्ली या दोन संशोधकांनी केलेला एक छोटासा प्रयोग याबाबतीत प्रसिद्ध आहे. सातवी-आठवीतील ६४ विद्यार्थी त्यांनी निवडले. काहींचे वाचन चांगले होते, काहींचे कच्चे. त्यांतील निम्म्यांना बेसबॉल या खेळाची चांगली माहिती होती, उरलेल्यांना ती जुजबी होती. सर्वांना बेसबॉलच्या एका डावाच्या भागाचे वर्णन वाचावयास देण्यात आले. मग वाचलेला खेळ मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर बाहुल्या हलवून दाखवावयाचा आणि शब्दांत सांगावयाचा होता. वाचनात कच्ची, पण खेळ जाणणारी मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. इतकेच नव्हे, तर खेळ जाणणाऱ्या चांगल्या वाचकांच्या ती जवळपास पोहोचली.

बेसबॉल आपल्याकडे परका खेळ असल्याने हा निष्कर्ष क्रिकेटच्या भाषेत मांडून पाहावा. 'दिवसाची दोनच षटके उरली असल्याने कर्णधाराने नाइट वॉचमन पाठविला, आणि तो पहिल्याच चेंडूवर स्लिपमध्ये झेल देऊन परतला.' या वाक्यातील प्रत्येक अक्षर वाचू शकणारा, पण क्रिकेट कधीच न पाहिलेला एखादा विद्वान गृहस्थ त्यातून काय समजेल? रात्रीच्या पहारेकऱ्याला मैदानावर का धाडले, हेच त्याला कळणार नाही. सातवीतील मुलगा मात्र हसून संघाची स्थिती सांगेल. येथे वाचनाचे कौशल्य त्या विद्वानापाशी अधिक आहे. विषयाचे पूर्वज्ञान मुलापाशी आहे.

शाळेतील अनेक विद्यार्थ्यांची स्थिती पाठ्यपुस्तकापुढे त्या विद्वान गृहस्थासारखी होते. 'याचे वाचन कच्चे आहे' असा शेरा प्रगतिपुस्तकावर पडतो. वास्तविक त्याला अक्षरे लागतात, शब्दही लागतात. कधी न पाहिलेल्या, कधी न ऐकलेल्या गोष्टींविषयीचा तो मजकूर असतो, एवढेच. ज्या घरात पुस्तके, वर्तमानपत्रे, प्रवास आणि मोठ्यांच्या गप्पा आहेत, तेथील मुलाला हे पूर्वज्ञान घरबसल्या मिळते. ज्या घरात ती नाहीत, तेथील मुलाला ते मिळण्याचा एकच खात्रीचा मार्ग असतो, आणि तो शाळेच्या किंवा गावाच्या ग्रंथालयातून जातो. ग्रामीण व आदिवासी भागातील मुलांच्या दृष्टीने माहितीपर पुस्तकांचा प्रश्न या कारणाने हौसेचा राहत नाही.

परिभाषेचा भागही यातच येतो. मराठी माध्यमाच्या पुस्तकांतील शास्त्रीय संज्ञा बहुधा संस्कृतोद्भव आहेत. अपक्षय, निक्षेपण, प्रकाशसंश्लेषण, आम्लारी, परिसंस्था हे शब्द घरीदारी ऐकू येत नाहीत. पाठ्यपुस्तकात ते एकदा येतात, चौकटीत व्याख्या असते, आणि विद्यार्थी ती पाठ करतो. परंतु एकदाच भेटलेल्या शब्दाशी ओळख होत नाही. नदीवरील चाळीस पानांच्या पुस्तकात 'निक्षेपण' हा शब्द दहा वेळा, दहा निरनिराळ्या वाक्यांत येतो. कधी पुरानंतर शेतात राहिलेल्या गाळाच्या संदर्भात, कधी धरणात साठणाऱ्या गाळाच्या, कधी खाडीच्या तोंडाशी तयार झालेल्या वाळूच्या दांड्याच्या. शेवटच्या पानापर्यंत तो शब्द विद्यार्थ्याचा झालेला असतो. भाषेच्या शिक्षकांनी या पुस्तकांकडे विज्ञानाच्या शिक्षकांचा प्रांत म्हणून पाहू नये, असे म्हणावयाचे ते यासाठी. निबंधात मुद्दे सुचत नाहीत ही तक्रारही बहुधा भाषेच्या उणिवेची नसून माहितीच्या उणिवेची असते.

पुस्तकबांधणीच्या दुकानातील मुलगा

माहितीपर वाचनाने कुमारवयात काय घडू शकते, याचे जगातील एक नामांकित उदाहरण मायकेल फॅरेडे यांचे आहे. १७९१ साली लंडनजवळ एका लोहाराच्या घरी जन्मलेल्या या मुलाचे शालेय शिक्षण लिहिणे, वाचणे व जुजबी हिशेब याच्या पलीकडे गेले नव्हते. चौदाव्या वर्षी तो रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे पुस्तकबांधणीचे काम शिकण्यासाठी सात वर्षांच्या कराराने राहिला. बांधणीसाठी येणारी पुस्तके तो वाचीत असे. 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'मधील विजेवरील लेख त्याला असाच सापडला. जेन मार्सेट या विदुषीने शिक्षिका आणि दोन विद्यार्थिनी यांच्या संवादाच्या रूपात लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तकही त्याने वाचले. वाचून तो थांबला नाही. परवडतील तेवढी साधने जमवून त्यातील विधाने त्याने छोट्या प्रयोगांनी पडताळून पाहिली, आणि पुस्तक खरे सांगते अशी खात्री पटल्यावरच त्यावर विश्वास ठेवला. १८१२ मध्ये हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने त्याने ऐकली, पुढल्याच वर्षी तो त्यांचा साहाय्यक झाला. १८३१ साली त्याने लावलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या शोधावर आजची वीजनिर्मिती उभी आहे.

प्रत्येक वाचक मुलगा फॅरेडे होईल असे नाही, आणि तशी अपेक्षा ठेवणे त्या मुलावर अन्यायाचे ठरेल. या उदाहरणातून घ्यावयाची आहे ती वाचण्याची रीत. वाचावे, टिपून घ्यावे, जमेल ते करून पाहावे.

मुंबईतील एक प्रसंगही याच जातीचा आहे. १९०८ च्या सुमारास सुमारे अकरा वर्षांच्या सलीम अली यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथील मानद चिटणीस मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिलाच, शिवाय संग्रहातील पेंढा भरलेले पक्षी दाखविले आणि वाचावयास पुस्तके दिली. 'एहा' या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाचे मुंबईच्या सामान्य पक्ष्यांवरील पुस्तक त्यांत होते. १९४१ साली स्वतः सलीम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्यावर अनेक पिढ्या पक्षी ओळखावयास शिकल्या. मिलार्ड यांनी केले ते फार मोठे नव्हते. प्रश्न घेऊन आलेल्या मुलाला त्यांनी परत पाठविले नाही आणि कपाट उघडून दिले.

एक आक्षेप

याच्या उलट बाजूचा एक पुरावाही लक्षात घ्यावयास हवा. जेरिम आणि मॉस या संशोधकांनी २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३५ देशांतील अडीच लाखांहून अधिक कुमारवयीन विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय चाचणीतील माहिती त्यांनी तपासली. वारंवार कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्या मुलांचे वाचनकौशल्य इतरांपेक्षा स्पष्टपणे वरचढ आढळले. माहितीपर पुस्तके, वर्तमानपत्रे, नियतकालिके किंवा चित्रकथा यांच्या बाबतीत तसा संबंध दिसला नाही. मग माहितीपर पुस्तकांचा आग्रह कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील आणि तो रास्तच आहे.

त्याचे उत्तर वाचनाच्या पद्धतीत शोधावे लागेल. गोष्ट हाती घेतली की मूल ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. माहितीपर पुस्तक पुष्कळदा नुसते चाळले जाते. चित्र पाहिले, खालची ओळ वाचली, पान उलटले. अशा चाळण्याने सलग, दीर्घ मजकूर वाचण्याची शक्ती वाढत नाही, हे उघड आहे. शिवाय त्या अभ्यासात मोजले गेले ते वाचनाचे सर्वसाधारण कौशल्य. खडकांची किंवा क्षारांची समज वाढली काय, हे त्यात मोजलेले नव्हते. तेव्हा गोष्टीची पुस्तके काढून त्या जागी माहितीची पुस्तके ठेवावीत, असा अर्थ कोणी करू नये. दोन्ही हवीत, आणि माहितीपर पुस्तक निवडताना ज्यात सलग वाचावासा वाटणारा मजकूर आहे, असेच निवडावे. चकचकीत कागदावर चित्रेच चित्रे आणि पानाला चार ओळी, अशा महाग पुस्तकांवर अनुदान खर्ची घालण्यापेक्षा साध्या कागदावरचे, नीट लिहिलेले पुस्तक केव्हाही श्रेयस्कर.

दुसरी अडचण माहिती शिळी होण्याची. लोणारच्याच बाबतीत पाहा. विवराचे वय सुमारे ५० हजार वर्षे असल्याचे अनेक पुस्तकांत छापलेले आहे, आणि एका मापनपद्धतीनुसार ते तसे येतही होते. २०११ साली आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवर आधारलेल्या मापनातून मात्र ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे असल्याचे प्रसिद्ध झाले. फरक दहापटींहून अधिक आहे. म्हणून जुनी पुस्तके फेकून द्यावीत काय? तसे नाही. जुने व नवे अशी दोन पुस्तके शेजारी ठेवून, त्यांत फरक का पडला, हे नववीच्या वर्गाला विचारले, तर एक तासिका सत्कारणी लागते. पुस्तकाच्या प्रारंभी छापलेले प्रकाशनवर्ष पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना यातूनच लागेल. हातातील मोबाइलवर क्षणात मिळणाऱ्या उत्तराला बहुधा ना लेखक असतो ना वर्ष. पुस्तकाला दोन्ही असतात, आणि चूक निघाली तर ती कोणाची व केव्हाची हे सांगता येते.

कपाटाची किल्ली

आता प्रश्न उरतो तो ही पुस्तके विद्यार्थ्यांच्या हाती पोहोचण्याचा. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांवरील पुस्तके असावीत, असे मानक घालून दिलेले आहे. 'सर्व विषयांवरील' हे शब्द शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहेत. हा अधिनियम मात्र सहा ते चौदा वर्षे वयोगटापुरता, म्हणजे आठवीपर्यंतचा आहे. ज्या वयात विषय कठीण होतात आणि जिज्ञासा स्वतंत्रपणे धावू लागते, त्या नववी-दहावीला त्याचे संरक्षण पोहोचत नाही. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेच्या आखणीत शाळेच्या स्तरानुसार वार्षिक पाच हजारांपासून वीस हजार रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद ठेवण्यात आली व माध्यमिक स्तराचाही तीत विचार झाला. त्याखेरीज महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अन्वये राज्यात उभे राहिलेले शासनमान्य ग्रंथालयांचे जाळे आहे. गावात असे ग्रंथालय असेल, तर माध्यमिक शाळेने त्याच्याशी आठवड्यातील एक दिवस ठरवून घेण्यास कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागू नये.

पुस्तके असूनही कपाट बंद का राहते, याचे खरे कारण बहुतेक शिक्षकांना ठाऊक असते, जरी ते बैठकीत बोलून दाखविले जात नाही. पुस्तक हरवले तर त्याची भरपाई कोणी करावयाची, ही ती भीती होय. साठा नोंदवहीवर ज्याची सही, त्याच्या अंगावर जबाबदारी. मुले पुस्तक वाचतात, हाताळतात, पावसात भिजवितात, मामाच्या गावी विसरून येतात. हे गृहीत धरलेच पाहिजे. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनी ते गृहीत धरलेले आहे. वर्षभरात वाचकांना दिलेल्या अथवा वाचण्यासाठी हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी त्या नियमांत वाजवी मानली आहे. मात्र ती अप्रामाणिकपणामुळे वा हलगर्जीपणामुळे झालेली नसावी, आणि एक हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीच्या तसेच दुर्मिळ ग्रंथांची चौकशी व्हावी, अशी अट आहे. हे नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहेत, शाळांनी आपापले नियम पाहावयाचे आहेत. परंतु त्यामागील हिशेब तपासनिसांनी व गटशिक्षणाधिकाऱ्यांनी ध्यानी घेण्यासारखा आहे. येथे हजाराचा आकडा कपाटातील पुस्तकांचा नसून वाचकांच्या हाती गेलेल्या पुस्तकांचा आहे. चारशे विद्यार्थ्यांच्या शाळेत प्रत्येकाने वर्षात पाच पुस्तके नेली, तर दोन हजार वेळा पुस्तके दिली गेली आणि दहा पुस्तकांची तूट त्या प्रमाणात बसते. कपाटच उघडले गेले नाही, तर ही सवलत लागू होण्याचा प्रश्नच येत नाही. तपासणीच्या वेळी 'किती पुस्तके शिल्लक आहेत' याच्या जोडीला 'किती पुस्तके दिली गेली' हा प्रश्न विचारला जाऊ लागला, तर शिक्षकांच्या मनातील ही धास्ती बरीच कमी होईल.

निवडीसाठी दूर जाण्याची गरज नाही. पाठ्यपुस्तक मंडळाचे 'किशोर' मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघत आहे आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात. मराठी विश्वकोशाचे खंडही तसेच उपलब्ध आहेत. त्यांची भाषा कुमारांना काहीशी जड जाते हे खरे, पण शिक्षकाने एखादी नोंद निवडून, तिची दोन पाने फलकावर लावली तर ती अडचण उरत नाही. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तके किमतीने आवाक्यातली असतात. यांखेरीज एक ग्रंथ प्रत्येक माध्यमिक शाळेत असावयास हवा आणि तो बहुधा नसतो. तो म्हणजे आपल्या जिल्ह्याचे गॅझेटिअर. नद्या, जमिनीचे प्रकार, पिके, जुन्या बाजारपेठा, किल्ले, देवळे, दुष्काळ, रस्ते हे सारे त्यात गावांच्या नावानिशी दिलेले असते. राज्याच्या दर्शनिका विभागाने अनेक जिल्ह्यांचे खंड संगणकीय रूपात खुले केले आहेत. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात संगणक आणि छपाईयंत्र असते. आपल्या तालुक्याविषयीची आठ-दहा पाने छापून, शिवून शाळेच्या कपाटात ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. त्यातील कोणत्या गोष्टी अजून तशाच आहेत आणि कोणत्या बदलल्या, हे पाहण्यासाठी नववीच्या मुलांना गावात एक फेरी मारावी लागेल. आटलेला ओढा, बंद पडलेला बाजार किंवा नाव बदललेली वाडी यांची नोंद करून ती त्याच पानांना जोडता येईल, आणि पुढील वर्षीच्या वर्गाला ती वाचावयास मिळेल.